हिरोशिगेचं विरत जाणारं आकाश: फळीवर नेमकं काय करतात?

गर्दनिळा: जपानी लाकूडछाप चित्रकार हिरोशिगेच्या निसर्गचित्रांत आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो आणि खाली येता येता तो कागदात विरून जातो. फळीवर तर एकच सपाट भाग कोरलेला असतो, मग छटा येते कुठून? प्लायवुड, प्रशियन ब्लू जलरंग आणि हातकागद वापरला तर निळा मधेच रेघ धरतो, शिवाय दाणेदार उमटतो. चुकतंय कुठे?

ओलंफडकं: छटा कोरलेली नसतेच, प्रत्येक प्रतीला ती पाण्याने नव्याने करावी लागते. याला बोकाशी म्हणतात. आकाशाचा भाग ओल्या फडक्याने पुसा. पाणी चमकायला नको, लाकूड हाताला गार लागलं की पुरे. वरच्या कडेला रंग आणि तांदळाच्या खळीचा एक थेंब ठेवा, रुंद ब्रश कडेला समांतर, आडवाच फिरवत हळूहळू खाली या. उभा फिरवलात की गडद रंग ओढला जाऊन पट्टे पडतात. रेघ धरते म्हणजे रंग संपतो तिथे फळी सुकलेली होती. पाणी जास्त झालं तर रंग फुटून डाग पडतात. गडदपणा एकाच छापात मिळत नाही, दोन-तीनदा छापा, दर वेळी पट्टा अरुंद करत. पहिल्या काही प्रती वाया जाणारच, लाकूड अजून पाणी पीत असतं.

शाईखळ: दाण्यांचं कारण बहुधा कागद. कोरडा असेल, खळ कमी असेल किंवा बारेन (कागद मागून घासून छापायची गोल चकती) हलका चालला असेल, तर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. कागद आदल्या रात्री ओलसर करून प्लॅस्टिकमध्ये दाबून ठेवा. छापताना बाकीचा गठ्ठा झाकलेला असू द्या. सुकला की आकसतो आणि फळीवरच्या केंतो खुणांना (कागद दर वेळी त्याच जागी बसवायच्या खाचा) लावूनही पुढचा रंग सरकतो. छपाईसाठीच्या जपानी कोझो कागदाला (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा) सरस-तुरटीचा हात दिलेला असतो, त्यामुळे तो रंग पसरू देत नाही. साध्या हातकागदाचे तंतू बारेनखाली उठतात. आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वाटेला जाऊ नका, पाण्याने फुगतो.

कान्बारा: एक भर. हा पट्टा म्हणजे पहाट किंवा रात्र असं दर वेळी समजू नये, बऱ्याचदा तो निव्वळ रिवाज आहे. पण छापणाऱ्याच्या हातात किती असतं ते बघायचं तर हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांच्या मालिकेतलं (१८३३-३४) कान्बाराचं बर्फाळ रात्रीचं चित्र पाहा. त्याच्या काही प्रतींत काळोख वरून उतरतो, काहींत क्षितिजापासून वर चढतो. चित्र तेच, पण एकात आभाळ अंगावर येतं, दुसऱ्यात डोंगर पांढरे उठून दिसतात. (गंमत म्हणजे कान्बारा समुद्रकाठचं उबदार गाव, एवढा बर्फ तिथे पडत नाही.)

गर्दनिळा: म्हणजे दुसऱ्या प्रकारात रंग क्षितिजाकडे आणि ओलं फडकं वरच्या बाजूला?

ओलंफडकं: बरोबर. फक्त डोंगराच्या कडेला ब्रश जपून. कोरलेल्या खाचेत रंग साचला की बर्फावर निळी किनार उमटते. दर प्रतीनंतर खाच टिपून घ्या.