टूल चेंजर मध्येच अडकतो : पीएलसी खरंच गेलाय का? मदत हवी आहे

व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) टूल चेंजरने चार दिवस हैराण केलंय. एम०६ (टूल बदलायची आज्ञा) आला की पुढच्या टूलचा पॉट खाली येतो, आर्म फिरून दोन्ही टूल पकडतो, अनक्लॅम्पचा (टूल फिरवणाऱ्या स्पिंडलने ते सोडण्याचा) फुस्स आवाजही येतो, आणि आर्म तिथेच उभा. मग 'टूल अनक्लॅम्प झालं नाही' असा अलार्म. दिवसातून दोन-तीनदा होतं, एरवी सगळं सुरळीत.

सर्व्हिसवाले म्हणतात पीएलसी (सेन्सर वाचून मशीनच्या हालचाली क्रमाने घडवणारा कंट्रोलर) गेला, कार्ड बदला. मला पटत नाही. सीएनसी (प्रोग्रॅम चालवणारा कंट्रोल) फक्त एम०६ सांगते. स्पिंडल ओरिएंट झालाय का (ठरलेल्या कोनात थांबलाय का), झेड (वर-खाली अक्ष) जागेवर आहे का, हवेचा दाब आहे का, हे बघून एकेक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) पीएलसीच उचलतो आणि शेवटी सीएनसीला 'झालं' कळवतो. तेव्हाच पुढचा ब्लॉक सुरू होतो. म्हणजे तो कशाची तरी वाट बघत असणार ना?

काल अडकला तेव्हा पाहिलं, अनक्लॅम्पच्या प्रॉक्सवरचा (प्रॉक्सिमिटी सेन्सरवरचा) दिवा लागलेला होता, पण लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) त्याच इनपुटचा बिट ०. पुढे काय तपासू? एकजण म्हणतोय, तो इनपुट सरळ २४ व्होल्टला जोड, लॉट तरी निघेल.

प्रतिसाद १
तसं कृपा करून करू नका. ड्रॉबारने (स्पिंडलमध्ये टूल ओढून धरणाऱ्या दांड्याने) टूल सोडलेलं नसताना पीएलसीला 'सोडलं' वाटेल आणि आर्म ते खाली ओढेल. आर्म वाकतो, स्पिंडलही जाऊ शकतो.

तुमचा तर्क बरोबर आहे. दिवा लागतोय म्हणजे सेन्सर जिवंत आहे, त्याला सप्लायही मिळतोय. सेन्सर पीएनपी (लागल्यावर २४ व्होल्ट बाहेर देणारा) असेल तर पुन्हा अडकल्यावर मल्टिमीटरने पॅनेलमधल्या इनपुट टर्मिनलवर ० व्होल्टच्या संदर्भाने मोजा. तिथे २४ असूनही बिट ० असेल तरच कार्डावर संशय घ्या. २४ पोचतच नसेल तर काळी (सेन्सरचा सिग्नल नेणारी) वायर बघा. स्पिंडलचं डोकं दिवसभर वर-खाली करतं, केबल साखळीच्या वळणावर आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

धागाकर्ता
आज मोजलं. टर्मिनलवर शून्य. साखळी हाताने हलवली की बिट लुकलुकतो! काळी वायरच आहे. तिथे जोड दिला तर चालेल?

प्रतिसाद २
साखळीत जोड टिकत नाही, महिन्याभरात पुन्हा इथेच याल. सेन्सरपासून पॅनेलपर्यंत अख्खी केबल बदला, साखळीत वापरायची बारीक तारांची घ्या. दोन्ही टोकांना बांधा, मध्ये मोकळी राहू द्या.