निविदेआधी कंपन्यांशी चर्चा करायची, ती नियमात कशी बसवायची?

नपा_अभियंता: ओल्या कचऱ्यापासून गॅसचा प्रकल्प करायचाय. तंत्रज्ञान कुठलं घ्यावं हे आम्हालाच पक्कं माहीत नाही. प्री-बिडला (निविदेआधीच्या बैठकीला) सगळे येतात, चहा घेतात, एकमेकांसमोर कुणी तोंड उघडत नाही. नंतर एकेकाची पत्रं येतात : अमुक अट शिथिल करा. स्पेसिफिकेशन एखाद्याच्या माहितीपत्रकावरून उतरवलं की बाकीचे तक्रारीला मोकळे. बंद दाराआड प्रत्येकाशी बोललो तर ऑडिटला काय सांगू?

टेम्सकाठचा_नगरकर: मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या खरेदी विभागात आहे. इकडे २०१५ च्या नियमांत यासाठी ‘कॉम्पिटिटिव्ह डायलॉग’ अशी स्वतंत्र पद्धतच होती. फेब्रुवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात ती वेगळी राहिली नाही, पण संवादाची मुभा आहे. पात्र कंपन्यांना एकेक करून बोलवायचं, फेऱ्या घ्यायच्या, मग चर्चा संपल्याचं जाहीर करून अंतिम निविदा मागवायच्या. एकाची कल्पना त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, आणि संमतीही सरसकट नाही, नेमक्या माहितीपुरती.

तुमच्याकडे जवळचं म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला (जीएफआर २०१७) नियम १६४, दोन टप्प्यांची निविदा. पहिल्या टप्प्यात दर न मागता फक्त तांत्रिक प्रस्ताव, त्यावर सगळ्यांशी समान संधी देऊन चर्चा, मग सुधारित अटींवर दरासह निविदा. बदललेल्या अटी झेपत नसतील तर सबळ कारण देऊन बाहेर पडता येतं, बयाणा जप्त होत नाही.

खरी गोम इथेच आहे. इकडे ज्याची कल्पना त्याच्याकडेच राहते आणि तो तिच्यावरच दर देतो. तुमच्या पद्धतीत चर्चेतून सगळ्यांसाठी एकच स्पेसिफिकेशन निघतं, म्हणजे एकाची अक्कल सगळ्यांच्या दरात उतरते. हे कागदपत्रांत आधीच लिहा. नाहीतर हुशार कंपनी पहिल्या टप्प्यात गप्प बसेल आणि दुसऱ्यात तुमची चूक दाखवून वाढीव बिल काढेल. इकडचा प्रकार मला जास्त पटतो, पण त्यात वकिलांचीच चांदी होते.

निवृत्त_लेखापरीक्षक: दोन गोष्टींची गल्लत नको. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या परिपत्रकाचा रोख निविदा उघडल्यानंतरच्या वाटाघाटींवर आहे. त्या अपवादात्मक परिस्थितीत आणि एल-१ शीच, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याशीच. दर येण्याआधीची तांत्रिक चर्चा वेगळी. आणि जीएफआर केंद्राचे, नगरपरिषदेला आपोआप लागू नाहीत. आधी नगरविकासचं लेखी मार्गदर्शन मागा.

आम्ही फायलीत बघायचो ते एवढंच : प्रत्येकाला सारखा वेळ, सारखे प्रश्न, इतिवृत्तावर दोन्हीकडच्या सह्या. एकाच्या इतिवृत्ताला दोन पानं आणि बाकीच्यांना चार ओळी, की अहवालात आक्षेपाचा पॅरा ठरलेला.

नपा_अभियंता: आणि चर्चेला आमच्या बाजूने बसणार कोण? मी एकटाच आहे, तोही स्थापत्यचा.

टेम्सकाठचा_नगरकर: मग आधी सल्लागार नेमा. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या इच्छुक कंपन्यांपैकी कुणाचं काम केलं नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्या.