जपानला लाल पानं नक्की कुठे? मदत हवी आहे (शुक्रवारच्या आत!)

सोनटक्का
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत जपानला चाललोय, आईला घेऊन. तिकिटं काढली, क्योतोचं हॉटेलही बुक केलं. आज ऑफिसातला एक जण म्हणतो, तेव्हा क्योतोत पानं हिरवीगार असतात! फोटोंखाली तर सगळीकडे नोव्हेंबर लिहिलेलं असतं. हॉटेल फुकटात रद्द करायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. शरदात रंगणारी मेपलची लाल पानं हवीत, शिवाय देवळं, चहाचा तो विधी, जुनी लाकडी घरं असं सगळं आईला दाखवायचंय. टोक्यो नको. जाणकारांनी पटकन सांगा.

पेठेतला पाहुणा
दिवाळी म्हणजे कुठली तारीख? ती दरवर्षी सरकते, पानं आपलं पंचांग बघून रंगत नाहीत. उतरणार कुठे? आईंना किती चालवतं? काहीच न सांगता 'पटकन सांगा' कसं जमायचं?

सोनटक्का
५ ते १५ नोव्हेंबर. ओसाकात उतरून तिथूनच परत. पानांचं बोला ना.

बटाटेवडा
एवढे पैसे घालवण्यापेक्षा ऑक्टोबरअखेर काश्मीरला जा. चिनार बघा. व्हिसाची कटकट नाही.

कोबेची कमळी
तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं बरोबर आहे. क्योतो शहरात खरा रंग २० नोव्हेंबरनंतर चढतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो. तोफुकुजी, एइकान्दो या देवळांतले ते प्रसिद्ध फोटो त्या दिवसांतले. जपानात हा रंग सप्टेंबरात उत्तरेच्या होक्काइदो बेटाच्या डोंगरांवर सुरू होतो आणि मग दक्षिणेकडे आणि खाली उतरत येतो. त्यामुळे तारीख हलत नसेल तर उंची बदला.

कोयासानला जा, ओसाकाच्या दक्षिणेचं डोंगरावरचं देवळांचं गाव. साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली पानं रंगलेली असतात. दान्जो गारान आणि कोंगोबुजी या दोन देवस्थानांमध्ये जाबारामिची नावाची छोटी पायवाट आहे, दोन्हीकडून मेपल. इसवी सन ८१६ मध्ये कुकाई या भिक्षूला ही जागा मिळाली, तेव्हापासूनचं शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ आहे. पन्नासेक देवळांत राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. पारंपरिक जपान याहून वेगळं काय असतं?

रूळावरचा रमेश
आधी जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वेचा पास) काढून टाका, मग हवं तिथे हिंडा. डोक्याला ताप नाही.

कोबेची कमळी
रमेशभाऊ, कशासाठी? ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. ओसाका-क्योतो साधी गाडी सहाशेक येनमध्ये आणि अर्ध्या तासात सोडते. कोयासानला नान्काई कंपनीची गाडी जाते, ओसाकातल्या नाम्बाहून गोकुराकुबाशी, पुढे केबल कार. तिथे हा पास चालतच नाही.

रूळावरचा रमेश
आम्ही पासवर अख्खा देश पालथा घातला होता. असो, ज्याचा त्याचा प्रश्न.

निक्कोप्रेमी
निक्को कसं कोणी सुचवलं नाही? चुझेन्जी तळ्याकाठचा रंग एकदा बघाच. आयुष्यात विसरणार नाही.

पेठेतला पाहुणा
अहो, तळ्याकाठी तो ऑक्टोबरातच ओसरतो. शिवाय निक्को टोक्योच्याही वर, हे ओसाकात उतरतायत. धागा वाचत चला.

निक्कोप्रेमी
खाली तोशोगू देवळाजवळ नोव्हेंबरातही असतो. वाचलाय धागा.

सोनटक्का
कोयासान आवडतंय. पण आई कांदा-लसूणही खात नाही, मासे तर सोडाच. आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही.

पेठेतला पाहुणा
हे आत्ता सांगताय!

कोबेची कमळी
मग तर शुकुबोच. तिथलं शोजिन र्‍योरी म्हणजे मांस, मासे, कांदा, लसूण काही नाही, आणि रस्सा कोंबू (समुद्री शेवाळ) व शिताके (अळंबी) यांचा. खाली शहरात मात्र जपून राहा. नुसत्या भाज्या घातलेल्या उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्श्यातसुद्धा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि वाढणाऱ्याला तो 'मासा' वाटतच नाही. जपानी मजकुराचं कार्ड छापून जवळ ठेवा.

देवळात जेवण लाखकाम केलेल्या छोट्या तबकांत येतं. तिळाचा मऊशार गोमादोफू, वर हिरव्या वासाबीचा ठिपका. कोयादोफूचा (गोठवून सुकवलेल्या टोफूचा) तुकडा चावला की स्पंजातून सुटावा तसा गोडसर रस तोंडात उतरतो. आईंना आवडेल. बुकिंग करतानाच कळवा, बऱ्याच ठिकाणी जेवायला खुर्ची-टेबल देतात, काही देवळांत पलंगाच्या खोल्याही आहेत. जेवण मात्र साडेपाच-सहाला असतं, उशीर चालत नाही. गादी कशीही असली तरी पहाटे प्रार्थनेला उठवाच त्यांना.

अनामिक वाटसरू
आणि स्नानगृह सामायिक असतं, बरं का. कपडे घालून उतरायचं नसतं. माझ्या सासूबाई दाराशी जाऊन परत आल्या.

चहाटळ
चहाच्या विधीचं कोणी बोललं नाही. गुडघ्यावर बसावं लागतं हे खरं, पण खुर्चीवर बसायचा प्रकारही आहे, र्‍यूरेई. १८७२ मध्ये क्योतोच्या प्रदर्शनासाठी चहाविधीच्या उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी तो बसवला, म्हणजे हौशी पर्यटकांसाठी कालपरवा काढलेलं सोंग नव्हे. क्योतोत शोधताना तसं विचारा. मिठाई आधी खायची, माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) नंतर. उलट केलं तर कडू तोंडाने बाहेर याल.

कोकणकडा
अवांतर: कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं, कोयासान ज्या वाकायामा प्रांतात येतं त्याच्याशी महाराष्ट्राचा करारही आहे. गेलात तर आवर्जून बघा. आणि ओकुनोइन दफनभूमीत स्मारकांमागच्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरं लिहिलेली दिसतात.

बटाटेवडा
दफनभूमी? आईला घेऊन? दिवाळीत?

कोकणकडा
दोन लाखांवर स्मारकं आहेत तिथे, सोळाव्या शतकातल्या ओदा नोबुनागा या सरदाराचंही. उंच सुगी म्हणजे जपानी सीडरच्या झाडांमधून दोनेक किलोमीटरची वाट आहे. लोक खास बघायला येतात हो. आई दमणार असतील तर बसने पुढच्या थांब्यावर उतरा, वाट निम्मी होते.

सोनटक्का
ठरलं. क्योतोच्या रात्री कमी करतो. कोयासानला एक रात्र की दोन?

पेठेतला पाहुणा
एक पुरे. दोन रात्री तेच जेवण जेवून कंटाळाल.

कोबेची कमळी
आईंसोबत असाल तर दोन. जाण्यायेण्यातच अर्धा अर्धा दिवस जातो. मोठ्या बॅगा ओसाकातच ठेवा. वर थंडी चांगली असते, पहाटे पाच अंशांच्या आसपास, स्वेटर-मोजे हाताशी असू द्या. आणि १५ तारखेला शिचि-गो-सान असतो. तीन, पाच, सात वर्षांची पोरं किमोनो घालून शिंतो देवळांत येतात, आसपासच्या शनिवार-रविवारीही दिसतात. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर सकाळी ओसाकात सुमियोशी ताइशाला डोकावा.

सोनटक्का
विमान सकाळचं आहे. मग आधीच्या शनिवारी जातो. क्योतोच्या दोन रात्री रद्द केल्या, शुकुबोला खुर्चीचं लिहून मेल टाकलाय. सर्वांचे आभार.

नवखा_नागपूर
छान माहिती. मला एप्रिलमध्ये साकुरा (चेरीचा बहर) बघायचाय, चार जण आहोत, बजेट कमी आहे. कुठे जाऊ?

पेठेतला पाहुणा
नवीन धागा काढा. आणि तारखा लिहा.