४,२९,४९,६७,२९७ : लांबलचक भागाकार न करता अवयव सापडतील का?

प्रश्न
२ च्या ३२ व्या घातात १ मिळवले की ही संख्या येते. शेवटचा अंक ७ आणि अंकांची बेरीज ५९, म्हणून २, ३ व ५ यांनी भाग जात नाही हे लगेच कळते. पण वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे असल्याने तिथपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी हाताने भागून पाहणे फारच जिकिरीचे आहे. घातांक स्वतः २ चा घात असेल, तर अशी प्रत्येक संख्या मूळ असावी असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा याला वाटत होते, आणि ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पहिल्या पाच तशा आहेतही. अशा संख्यांना फर्मा-संख्या म्हणतात. ही सहावी मात्र संयुक्त आहे. तिच्या रचनेवरूनच ते कळू शकते का?

प्रतिसाद १
कळते. हिच्या प्रत्येक मूळ अवयवाला १२८ ने भागल्यास बाकी १ उरते. ६४ साठी हे ऑयलरने दाखवले आणि १२८ पर्यंतची सुधारणा एकोणिसाव्या शतकात ल्युकाने केली. त्यामुळे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ या क्रमाने पाहावे लागते. यांपैकी १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. २५७ मूळ असली तरी ती स्वतः फर्मा-संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा-संख्या सहमूळ असतात (१ खेरीज त्यांचा सामाईक विभाजक नसतो), म्हणून तीही वगळता येते. ६४१ ने मात्र निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. हा विभाजक ऑयलरने १७३२ मध्ये जाहीर केला. भागाकारही मूळ आहे, आणि त्याच नियमामुळे ते तपासायला मोजकेच भागाकार पुरतात.

प्रतिसाद २
मला याहून सुंदर वाटते ती वर्गांची वाट. ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे उघडच आहे. पण ती ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही बेरीज आहे, हे अवश्य पडताळून पाहावे. विषम मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत असेल, तर ती एकाच प्रकारे मांडता येते. इथे दोन प्रकार मिळाले, म्हणजे एकही विभाजक हाती नसताना संख्या संयुक्त ठरली. ६४१ हा २५ व ४ यांच्या वर्गांची, तर ६७,००,४१७ हा २,५५६ व ४०९ यांच्या वर्गांची बेरीज आहे. त्यांच्या गुणाकारातूनच हे दोन्ही प्रकार निघतात.

प्रश्नकर्ता
आभार. मग फर्माच्या स्वतःच्या प्रमेयाने, म्हणजे २ चे घात घेऊन बाकी पाहिल्यास, हे उघड झाले नसते का? विषम मूळ संख्येतून १ वजा करून तितका २ चा घात घेतला आणि त्या मूळ संख्येने भागले, तर बाकी १ च उरते, असे ते प्रमेय सांगते.

प्रतिसाद १
२ घेतल्यास नाही. २ चा ३२ वा घात या संख्येहून १ ने कमी आहे, त्यामुळे त्याला तिने भागल्यास बाकी उणे १ मानता येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते. आणि कसोटीतला घातांक, म्हणजे संख्येतून १ वजा केल्यावर उरणारी संख्या, ६४ च्या पटीत असल्याने तिथेही बाकी १ च येणार. प्रत्येक फर्मा-संख्या, मूळ असो वा संयुक्त, २ ची कसोटी अशीच उत्तीर्ण होते. २ ऐवजी ३ घेतल्यास मात्र निर्णय लागतो. ३ चा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असे एकूण ३१ वेळा करून प्रत्येक वेळी बाकी काढावी. शेवटी उणे १ आले तरच संख्या मूळ. ही कसोटी पेपँ याने १८७७ मध्ये दिली.