सिक्युरिटी गार्डला 'लायसन्सचे पैसे' भरावे लागतात का? पीएफ पण दोन्हीकडचा कापतायत

धाकट्याची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ एका सिक्युरिटी एजन्सीत गार्ड म्हणून लागतोय, साइट सोसायटीची, बारा तास ड्युटी. ऑफिसवाले म्हणतायत गार्डचं पसारा लायसन्स काढावं लागतं, त्याचे पैसे, शिवाय ट्रेनिंग, दोन ड्रेस, बूट, आयकार्ड असं सगळं पहिल्या पगारांतून वळतं करणार. आणि साइटवरचे जुने गार्ड सांगतात की पीएफ 'दोन्हीकडचा' आपल्याच पगारातून जातो. त्याला नोकरीची खूप गरज आहे, म्हणून भांडायला जाऊ नको म्हणाले त्याला, पण नक्की कुठला खर्च कुणाचा हे तरी कळू दे.

जुना_फील्डऑफिसर
ताई, गार्डचं पसारा लायसन्स असं काही नसतंच. पसारा म्हणजे २००५ चा प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सी कायदा, त्यात लायसन्स एजन्सीला घ्यावं लागतं. कायद्यातली फी एका जिल्ह्याला ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याला २५,०००, आणि ते पाच वर्षं चालतं. आता तुम्हीच बघा, शंभर गार्डची एजन्सी असेल तर पूर्ण राज्याच्या लायसन्सचा माणशी खर्च पाच वर्षांत २५० रुपये येतो, तो पण त्यांच्या धंद्याचा खर्च, तुमच्या भावाचा नाही. गार्डकडून काय लागतं तर वय १८ ते ६५, तब्येत नियमात बसणारी, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि ट्रेनिंग पूर्ण झालेलं. ट्रेनिंग १६० तासांचं, १०० वर्गात आणि ६० फील्डवर, माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी. ते ट्रेनिंग मिळतंय हे बघणं एजन्सीचं काम असं कायद्यातच लिहिलंय, फोटोचं आयकार्ड देणं पण त्यांचंच. खरं दुखणं वेगळंच आहे, बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंग होतच नाही, सर्टिफिकेट छापून फाईलला लावतात आणि त्याचे पैसे मात्र पोराकडून घेतात, हे बघून मला फार राग यायचा. बंदूकवाल्या गार्डचं वेगळं, शस्त्र परवाना त्या माणसाच्या नावावर असतो. साध्या गार्डचा त्याच्याशी संबंध नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
पीएफचं मी सांगतो, आमच्या सोसायटीची बिलं मीच तपासतो. समजा बेसिक आणि डीए मिळून १५,००० आहे. गार्डचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये, आणि प्रोफेशन टॅक्स २००, एवढंच त्याच्या पगारातून जायला हवं. मालकाचा, म्हणजे एजन्सीचा, पीएफ ॲडमिन आणि इन्शुरन्स धरून १३ टक्के म्हणजे १,९५० आणि ईएसआयसी सव्वातीन टक्के म्हणजे ४८८, हे मालकाने स्वतः भरायचं, गार्डच्या पगारातून कापायला कायद्याने सरळ मनाई आहे. दोन्हीकडचं कापलं तर महिन्याला २,४३८ रुपये जास्तीचे गेले, एवढ्यात घरचा किराणा येतो हो! आणि गंमत अशी की हेच पैसे एजन्सी आमच्या बिलात आधीच लावते, म्हणजे सोसायटीकडूनही घेतले आणि गार्डकडूनही. मी दर महिन्याला पीएफ आणि ईएसआयसीचं चलन आणि त्यातली नावांची यादी बघितल्याशिवाय बिल पास करत नाही, कारण कंत्राटदाराने भरलं नाही तर शेवटी मुख्य मालक म्हणून ते आमच्याच गळ्यात येतं.

छोटी_एजन्सी
एक बाजू आमची पण ऐका. मी कायद्याने चालतो, सगळं भरतो, म्हणून माझं कोटेशन वर जातं आणि कमिटी सगळ्यात खालच्या भाववाल्याला काम देते. बारा तासांची ड्युटी म्हणजे आठ तासांचा पगार अधिक चार तास ओव्हरटाइम, तो पण डबल रेटने, मग साप्ताहिक सुट्टीचा रिलीव्हर म्हणजे बदली गार्ड, बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. हे सगळं धरून जो आकडा येतो त्याच्या कितीतरी खाली कोटेशन देणारा पैसे कुठून काढणार, गार्डच्या खिशातूनच ना? सेक्रेटरी साहेबांसारखे सगळे असते तर प्रश्नच नव्हता. ड्रेसचं म्हणाल तर पोरं चार दिवसांत ड्रेस घेऊन गायब होतात म्हणून डिपॉझिट घेतात, मला ते समजू शकतं, पण पावती द्या आणि नोकरी सोडताना परत करा.

जुना_फील्डऑफिसर
डिपॉझिटचं मान्य. पण ड्युटीवर झोपला, टोपी नव्हती म्हणून ५०० कापले असलं चालतं ते नाही चालत. दंडाला पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

बोर्डवाला
ताई, सुरक्षा रक्षक मंडळाकडे पण चौकशी करा. महाराष्ट्रात १९८१ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली ही मंडळं आहेत, गार्डची नोंदणी मंडळात होते आणि पगार मंडळामार्फत येतो. जागा लगेच मिळत नाही हे खरं आहे. पण खाजगी एजन्सीला मंडळातून सूट मिळते ती गार्डला एकंदरीत मंडळापेक्षा कमी फायदे नाहीत या अटीवर, हे भावाला माहीत असू दे.

धाकट्याची_ताई
खूप खूप आभार सगळ्यांचे. मग आता त्याने मागायचं काय? आणि ईएसआयसीचा खरंच उपयोग होतो का, की नुसती कपात?

सोसायटी_सेक्रेटरी
नियुक्तीपत्र, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर आणि ईएसआयसीचा नंबर. "बँकेत द्यायचाय" म्हणून मागितला तर कुणी चिडत नाही. दोन महिन्यांनी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा, कापलेले पैसे दिसले नाहीत तर ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) पोर्टलवर तक्रार करता येते. ईएसआयसी सोडू नका, २१,००० पर्यंत पगार असेल तर तो आणि घरचे, सगळ्यांना औषधोपचार, आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, फक्त त्यासाठी आधी सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ड्युटीवर अपघात झाला तर मात्र ही ७८ दिवसांची अट नाही, म्हणून नंबर पहिल्या आठवड्यातच घ्या.