शाळा सुटल्यावरचं चित्र : कलाशिक्षकांचे अनुभव

कलाशिक्षकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न : "मग सध्या स्वतःचं काय चाललंय?" आणि त्याचं तितकंच हमखास उत्तर : "वेळच मिळत नाही हो." हे उत्तर खोटं नाही, पण मला ते नेहमी अपुरं वाटत आलंय. वेळ मिळतो तेव्हाही काम होत नाही, त्याचं काय? दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर वाकून "हा हात लांब झालाय बघ", "सावली नक्की कुठल्या बाजूची?" असं बोलत राहिलं की संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर उभं राहून काहीच दिसत नाही. हात ताजा असतो, डोळा दमलेला असतो.

शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये शिकवणाऱ्या सगळ्यांनी इथे लिहावं. माध्यम कोणतं, केव्हा बसता, काय सोडून दिलंत, काय सुटता सुटलं नाही. जमत नसेल तर तेही लिहा. फक्त "पहाटे चारला उठा" छापाचे सल्ले नकोत, ते आपण आईवडिलांकडून ऐकून झालेत.

सुरुवात मीच करते. मी तैलरंगात काम करते. नोकरी लागल्यावर प्रत्येकाने सांगितलं, ॲक्रिलिककडे वळ, लवकर वाळतं. मला ते उलटं पडलं. ॲक्रिलिकचा पातळ थर वीसेक मिनिटांत वाळून मोकळा होतो, म्हणजे दोन रंगांमधली कड मऊ करायची तर त्याच बैठकीत उरकावी लागते. तैलरंगाला ही घाई नाही. त्यात पाणी उडून जात नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी लवकर आवळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा मात्र कितीतरी दिवस चिकट राहतो. मंगळवारी सोडलेली गालाची कड गुरुवारी अजून ओली सापडते, कोरड्या ब्रशने मऊ करता येते. शाळेच्या आठवड्याशी हाच रंग जुळतो.

दुसरं म्हणजे उठण्याआधी पुढचं काम कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवते. "मानेखालची छाया थंड करणे", एवढंच. दमलेल्या संध्याकाळी निर्णय घ्यायचा नसतो, ठरलेलं फक्त करायचं असतं. आता तुम्ही.

(माध्यमिक शाळा, लिनोकट)
मी मूळचा जलरंगवाला. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्यावर टाकून उठता येत नाही, कागद ओला आहे तोवरच खेळ. घरी कोणी हाक मारली की चित्र गेलं. शेवटी लिनोकडे वळलो, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून त्याचे ठसे छापायचे, आणि सुटलो. लिनोचा ठोकळा दप्तरात मावतो. मोकळा तास मिळाला आणि त्यावर बदली तास येऊन बसला नाही, तर स्टाफरूममध्ये एका पानाच्या शिरा कोरून होतात. घंटा झाली की हत्यार पेटीत टाकायचं. ठोकळा आहे तसा राहतो, त्याला वाळायचं नसतं की ओघळायचं नसतं. थंडीत लिनो कडक होऊन टवके उडतात, म्हणून आधी थोडा वेळ उन्हात ठेवतो, मग लोण्यासारखा कापला जातो.

छपाई मात्र मोडून मोडून होत नाही. त्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस लागतो. काचेवर शाई रोलरने पसरत राहायचं आणि कान द्यायचा. बारीक चुरचुर ऐकू आली तर शाई बरोबर आहे. पचपच वाजली तर जास्त झाली, बारीक रेषा बुजणार. हा आवाज ओळखायला शिकवणं मला वर्गात अजून जमलेलं नाही. तिथे चाळीस मुलांच्या आवाजात शाईचं कोण ऐकतो!

(कनिष्ठ महाविद्यालय)
सत्र चालू असताना मी काहीही काढत नाही. पूर्वी त्याचं वाईट वाटून घ्यायचो, आता तेही बंद केलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करतो, सलग. सुट्टीचे पहिले काही दिवस हात लाकडासारखा चालतो, त्या काळात फक्त स्वतःचे बूट आणि डावा हात काढतो. ती चित्रं फाडायचीच असतात. मग गाडी सुरू होते. समतोल वगैरे शब्द मला कळत नाहीत.

(कला महाविद्यालय, लाइफ ड्रॉइंग)
माझी अडचण वेळेची नव्हती, डेमोची होती. डेमो, म्हणजे वर्गासमोर काढून दाखवायचं चित्र, समोरच्याला कळावा म्हणून काढला जातो. बांधणी उघड दिसली पाहिजे, पायऱ्या स्पष्ट पाहिजेत, तास संपायच्या आत पूर्ण झाला पाहिजे. वर्षानुवर्षं असं काढलं की घरचं चित्रसुद्धा डेमो होतं. एकदा प्रदर्शनात एक जुना मित्र माझ्या चित्रासमोर बराच वेळ थांबून म्हणाला, "छान समजावून सांगितलंयस." त्याने कौतुक केलं होतं. मी आठवडाभर झोपलो नाही.

चित्रकर्ती जॉर्जिया ओ'कीफचं उदाहरण तेव्हा उपयोगी पडलं. 1915 साली ती अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या एका कॉलेजात शिकवत होती. शिकलेलं आणि शिकवत असलेलं बाजूला सारून, रंगही बंद करून, तिने नुसत्या चारकोलमध्ये अमूर्त चित्रं काढायला घेतली. ती मैत्रिणीला टपालाने पाठवली, मैत्रिणीने 1916 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये स्टिग्लिट्झ या छायाचित्रकार आणि गॅलरीचालकाला दाखवली, आणि पुढे ती नामवंत चित्रकर्ती झाली. मला त्यातला शेवट नको होता, सुरुवात हवी होती. आता कॉलेजात जे शिकवतो ते घरी वर्ज्य. तिथे मानवाकृती, इथे एकही माणूस नाही. घरी खोडरबरही ठेवत नाही.

(धागाकर्तीकडून मध्येच)
चित्रकार पॉल क्लेने नेमकं उलटं केलं ना? 1921 ते 1931 बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवताना तो वर्गासाठी टिपणं काढायचा, त्यांची पुढे हजारो पानं झाली आणि 1925 मध्ये त्यातून पुस्तकही निघालं. रेषा चालायला निघते म्हणजे काय होतं, हे तो मुलांना सांगत होता आणि स्वतःच्या चित्रांत करूनही बघत होता. शिकवणं आणि काढणं एकाच वहीत. अर्थात त्याच्याकडे सातवी 'ब' नव्हती. आणि तोही शेवटी बाउहाउसच्या व्यापाला कंटाळून ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत गेलाच.

(माध्यमिक शाळा, सगळंच)
तुम्ही सगळे चित्राबद्दल लिहिताय, मी सजावट खात्याबद्दल लिहिते. शाळेत कलाशिक्षक म्हणजे सजावट खातं. स्वागताचा फलक, प्रमाणपत्रांवरची नावं ("तुमचं अक्षर सुरेख आहे ना बाई"), कार्यक्रमाचा मागचा पडदा, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी, आणि पाहुणे उद्या येणार हे आज तिसऱ्या तासाला कळणं. नाही म्हटलं की "तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम" हे ऐकायचं. गणिताच्या सरांना कोणी लग्नाचा हिशेब करायला सांगत नाही.

भांडून उपयोग झाला नाही, नियमाने झाला. मुख्याध्यापकांना सांगितलं की काम करीन, पण मागणी आठ दिवस आधी आणि लेखी हवी : मजकूर, माप, कोणासाठी. निम्म्या मागण्या तिथेच गळाल्या. लिहायची वेळ आली की माणसांना कळतं की फलकाशिवायही भागतं. आणि जुने पडदे आता टाकू देत नाही. पुढच्या बाजूला राजवाडा असतो, मागच्या कोऱ्या बाजूला प्रायमर मारून मी माझी मोठी चित्रं करते. एवढा मोठा कापड मी विकत कधीच घेतला नसता.

(प्राथमिक)
"मुलांकडून आपणच शिकतो" हे वाक्य मला सहन होत नाही, कारण बहुतेक वेळा मी त्यांच्या वॉटर कलरच्या बाटल्यांची झाकणं लावत असते. पण एक सांगते. लहान मुलं आकाश कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी म्हणून काढतात, जमीन खालच्या कडेला, आणि मध्ये मोकळा कागद. तिथे काय आहे विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "तिथे आपण असतो." तेव्हापासून माझ्या निसर्गचित्रांतली क्षितिजाची रेघ मला जड वाटायला लागली. बरीच चित्रं अडली त्यापायी. अजून ती कशी सोडवायची कळलेलं नाही, पण निदान अडायला काहीतरी मिळालं.

(मातीकाम)
मातीला शिक्षकाची नोकरी चालते. अर्धवट सुकलेलं भांडं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलं, आत ओलं फडकं ठेवलं, की आठवडाभर तसंच राहतं. कान जोडायचा तर दोन्ही भाग सारखेच ओले हवेत, नाहीतर सुकताना तडा जातो. म्हणून भांडं आणि कानाची वळी एकाच पिशवीत ठेवते. भट्टी संस्थेची आहे. मुलांच्या कामाच्या फटीत माझं काम ठेवायची परवानगी रीतसर मागून घेतली आहे, ते आधी करा. पुढची कटकट टळते.

(खाजगी क्लास)
माझं सगळं उत्पन्न क्लासचं, त्यामुळे संध्याकाळ आणि शनिवार-रविवार विकलेले. सकाळ माझी असते, पण ती घरकामात जाते हे लिहायला नको. पालकांना "पूर्ण झालेलं", फ्रेम करण्याजोगं चित्र हवं असतं आणि ते मिळावं म्हणून शिक्षकाने मुलाच्या कागदावर हात फिरवावा अशी न बोललेली अपेक्षा असते. मी फिरवत नाही. त्याच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुरुस्ती त्यावर दाखवते. कागद उचलला की त्याचं चित्र त्याचंच. यातून माझाही फायदा झाला. दुसऱ्यांच्या चित्रांत माझा हात जाणं थांबलं, आणि सकाळी तो थोडा शिल्लक असतो.

(निवृत्त)
"रिटायर झाल्यावर करू" म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकन चित्रकर्ती अल्मा थॉमस वॉशिंग्टनच्या एका शाळेत 35 वर्षं कला शिकवून 1960 मध्ये निवृत्त झाली आणि 1972 मध्ये, ऐंशी वर्षांची असताना, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचं एकटीचं प्रदर्शन झालं. चित्रकार आणि कलाशिक्षक हान्स हॉफमनने 1958 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, शिकवणं बंद केलं आणि त्यानंतर झपाटल्यासारखी चित्रं केली. ही उदाहरणं मीही भिंतीवर लावली होती. पण थॉमसबाई शिकवत असतानाही चित्रकलेच्या वर्गांना जात होत्या, हे लोक सांगत नाहीत. हात चालू होता. माझ्याकडे आज सगळा दिवस आहे आणि पहिलं वर्ष मी शाळेच्या वेळापत्रकाशिवाय नुसता भटकत काढलं. शेवटी घड्याळात तासिका लावून घेतल्या. पस्तीस मिनिटांच्या. हसू नका, चालतंय.

(नवीन, नुकतीच नोकरी लागलेली)
सगळं वाचलं. लिनोवाल्या सरांना एकच विचारायचं होतं, शाई तेलाची वापरता की पाण्याची?

(माध्यमिक शाळा, लिनोकट)
वर्गासाठी पाण्याची, नळाखाली रोलर धुता येतात. माझ्या प्रतींसाठी तेलाची. ती काचेवर बराच वेळ उघडी राहते, सबंध दुपार छापता येतं, पाण्याची शाई मध्येच आवळते. फक्त प्रती वाळायला काही दिवस लागतात, दोरी आणि चिमटे आधी लावून ठेव. आणि शाई पुसलेले तेलकट बोळे चुरगळून बंद डब्यात ढीग करून ठेवू नकोस, तेल वाळताना गरम होतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळे पसरून बाहेर वाळव.