विषय: बाबांच्या गाडीचे टायर, ८८ एचऐवजी टी चालतील का?

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलात हे हरवेल म्हणून वेगळं लिहितोय. बाबा कोल्हापुरात एकटेच असतात, वय ७१. गाडीचे चारही टायर गुळगुळीत झालेत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर सांगतं: १८५/६५ आर १५ (हे माप), ८८ एच (वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर). दुकानदार म्हणतो एच शिल्लक नाही, टी घ्या, स्वस्तही पडतील. बाबांनाही पटलंय, "हितं कोण दोनशेनं पळवतंय?" पण महिन्यातून एकदा तरी ते आंबा घाट उतरून रत्नागिरीला आत्याकडे जातात. इथे जर्मनीत हिवाळी टायर कमी अक्षराचे चालतात, तरी वेगमर्यादेचं स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावं लागतं. त्यामुळे मला धाकधूक वाटते. रविवारी बसवायचं ठरलंय. दुकानातल्या टायरचा फोटो सोबत आहे.

राजारामपुरी, सध्या म्युनिक

---

दादा, अक्षराचं मला कळत नाही, पण तारीख बघायला सांगा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. इथल्या उन्हात आम्ही ते बघितल्याशिवाय टायर घेतच नाही. नवीन दिसणारा टायर दुकानात तीन-चार वर्षं पडून असू शकतो.

शिवाजी पेठ, सध्या मस्कत

---

चिरंजीव,

गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. (क्रमाने यू २००, मग एच २१०, मग व्ही २४०. एच अधेमध्ये घुसलाय, तिथे लोक फसतात.) पण हे अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सोसेल त्याचा दाखला. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे सरकला की पुन्हा मूळ आकारात येतो. दर फेऱ्याला रबर असं वाकतं आणि तापतं. वेग फारच वाढला तर पुढच्या फेऱ्याआधी सरळ व्हायला त्याला उसंतच मिळत नाही, टायरवर लाटा उठतात आणि शेवटी नक्षीचा थर सुटतो. अक्षर ठरवणारी परीक्षा फिरत्या ड्रमवर होते, वजन देऊन, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत. टायर मात्र कोरा, हवा बरोबर, पंक्चर एकही नाही. बाबांच्या गाडीत मे महिन्याचं ऊन असेल, चार माणसं, वर रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या आणि कदाचित हवा पाच पौंड कमी. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, म्हणजे ऐंशीच्या वेगालाही जास्त तापतो. जास्त वेगाच्या अक्षराचा उपयोग तिथे होतो. शिवाय अशा टायरची बांधणी बहुधा जरा घट्ट असते, वळणावर गाडी वेगळी वाटते.

तरी टी घेतला म्हणून टायर लगेच फुटेल असं मी म्हणणार नाही. माझी खरी काळजी तुझ्या फोटोची आहे. मोठा करून बघ. त्यावर १७५/६५ आर १५, ८४ टी लिहिलंय! अक्षराच्या नादात आकडा कुणीच वाचला नाही. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. चार चाकांना मिळून २४० किलोची ताकद कमी झाली. वेगाचं अक्षर बाबा पायाने सांभाळतील, वजन कसं सांभाळणार? शिवाय हा टायर व्यासाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लहान आहे, त्यामुळे स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल.

हा टायर अजिबात घेऊ नका. चार दिवस थांबा, ८८ एच मागवायला सांगा. व्ही मिळाला तरी हरकत नाही. पुढे एक, मागे दुसरा असली भेसळ नको. तोवर घाट बंद, गाडी गावातच फिरू दे.

मंगळवार पेठ, सध्या कॉव्हेंट्री

---

काका, नमस्कार करतो. रात्रीच बाबांना फोन केला. आधी चिडले, मग चष्मा लावून स्वतः दुकानात जाऊन वाचून आले. त्यांनी दुसऱ्या दुकानात ऑर्डर दिली, गुरुवारी चारही ८८ एच बसले. तारखाही याच वर्षीच्या आहेत. मस्कतच्या ताईंचेही आभार. हवा स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना भरून घेतली.

एकच राहिलं. स्टेपनी गाडीबरोबर आलेलीच आहे, नऊ वर्षांची, एकदाही न वापरलेली. तीच ठेवायची का?

---

नऊ वर्षांची नको. न वापरताही रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. जुन्या चारांतला कुठलाही ठेवू नका, ते झिजलेत. पाचवा ८८ एच आत्याकडे जायच्या आधी घ्या.